हजेरीपटात नसलेली नोंद

नगर कर्मचाऱ्याचे आरोग्य दोन गोष्टींवर ठरते. तो घरी कसा राहतो ही एक, आणि कामावर त्याच्याकडून काय करून घेतले जाते ही दुसरी. पहिल्या गोष्टीबद्दल सल्ल्यांची वाण नाही. चाला, तळकट टाळा, तंबाखू सोडा, वेळेवर झोपा. दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणे कमी होते. शहर झाडणाऱ्या, गटार उपसणाऱ्या, कचरागाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र तीच निर्णायक असते. हा विषय समजून घेण्यासाठी भोपाळ मुद्दाम पाहावे असे शहर आहे. स्वच्छ शहरांच्या यादीत ते अनेक वर्षे वरच्या ओळीत आहे. आणि १९८४ च्या वायुदुर्घटनेने त्याच्या नागरिकांच्या, म्हणून त्याच्या कर्मचाऱ्यांच्याही, फुफ्फुसांवर जुनी जखम ठेवली आहे.

निगमाची माणसे

भोपाळात महानगरपालिकेला सगळे 'नगर निगम' किंवा नुसते 'निगम' म्हणतात. शहराची पहिली नगरसंस्था, मजलिस-ए-इंतेजामिया, १९०७ साली नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत स्थापन झाली. तिचा कारभार तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरापुरता आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांपुरता होता. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि शहर तलावांच्या पलीकडे पसरत गेले. १९८३ साली संस्थेला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. २०१४ साली कोलार तिच्यात सामावले आणि प्रभाग ७० वरून ८५ झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या घरात होती. रोजचा कचरा आज सुमारे ८०० टन आहे.

हा कचरा उचलणारी, पाणी सोडणारी, दिवे लावणारी, आग विझवणारी, बागा राखणारी आणि संपत्तीकर व जलकर वसूल करणारी माणसे एकाच निगमाची असली तरी त्यांची नोकरी एका जातीची नाही. काही जण कायम आहेत. काही 'विनियमित', म्हणजे कायम आणि रोजंदारी यांच्या मधले, आहेत. काही 'दैवेभो', म्हणजे दैनिक वेतनभोगी आहेत, आणि बरेच जण ठेकेदारामार्फत 'आउटसोर्स' म्हणून येतात. एकाच गल्लीत, एकाच हातगाडीला हात लावून दोघे चालतात. त्यांतला एक आजारी पडला तर त्याला पगारी रजा असते. दुसरा आजारी पडला तर त्याची रोजी बुडते. आरोग्याचा पहिला फरक इथेच पडतो, कारण रोजी बुडणारा माणूस ताप अंगावर काढतो आणि जखम झाकून कामावर येतो.

शहराच्या स्वच्छतेचे मोजमाप मात्र काटेकोर होते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ आणि २०१८ साली भोपाळ देशात दुसरे आले. २०१९ साली ते १९ व्या क्रमांकावर घसरले, मग पुन्हा चढत २०२३ च्या यादीत पाचवे झाले. २०२४ च्या सर्वेक्षणाचा निकाल जुलै २०२५ मध्ये लागला, तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांत त्याने पुन्हा दुसरा क्रमांक मिळवला. भानपूरची जुनी कचराखंती, म्हणजे कचरा टाकण्याची जागा, २०१८ साली बंद झाली आणि कचरा आदमपूर छावणीकडे जाऊ लागला. हे यश खरे आहे आणि ते कर्मचाऱ्यांच्या अंगमेहनतीवर उभे आहे. २०२४ च्या सर्वेक्षणाच्या दहा भागांत सफाई कामगारांचे कल्याण हा एक स्वतंत्र भाग होता, ही चांगली सुरुवात मानली पाहिजे. तरीही रस्ता किती स्वच्छ आहे याची नोंद जितकी बारकाईने होते, तितकी तो झाडणाऱ्याच्या छातीची होत नाही.

दिवाळीनंतरची सकाळ

सफाई कर्मचाऱ्याचा दिवस शहर उठण्याआधी सुरू होतो. सहाच्या सुमारास प्रभागातल्या हजेरीच्या जागी माणसे जमतात. दरोगा, म्हणजे मुकादम, हजेरी घेतो आणि गल्ल्या वाटून देतो. वर्षातली सर्वांत अवघड सकाळ लक्ष्मीपूजनानंतरची. चौक बाजार, इब्राहिमपुरा, न्यू मार्केट, दहा नंबरचा बाजार, सगळीकडे फटाक्यांच्या लाल कागदाचा थर साचलेला असतो. हवेत गारवा आलेला असतो आणि रात्रीचा धूर जमिनीलगत अडकून राहिलेला असतो. खराट्याच्या पहिल्याच फटकाऱ्याबरोबर कागदाखालची करडी भुकटी वर उठते. तिच्यात पोटॅशियम नायट्रेट, गंधक, ॲल्युमिनियमची पूड आणि कोळसा यांचे अवशेष असतात. आखूड झाडू घेऊन वाकलेल्या माणसाचे तोंड त्या भुकटीपासून दीड-दोन हातांवर असते.

तोंडावर बहुधा ओढणीचा पदर किंवा गमछा असतो. त्याने मोठी धूळ अडते, पण फुफ्फुसाला खरी इजा करणारे कण २.५ मायक्रॉनहून लहान असतात. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांचे आकारमान ध्यानात यावे. असे कण कापडाच्या विणीतून सहज आत जातात. एन-९५ मुखपट्टी ते अडवते, मात्र ती नाकाच्या कडेने घट्ट बसलेली आणि कोरडी हवी. घामाने भिजली की तिच्यातून श्वास घेणे जड जाते आणि ती हनुवटीवर उतरते. म्हणून एका कर्मचाऱ्याला महिन्याला एक मुखपट्टी देणे म्हणजे न दिल्यासारखेच आहे. धूळ कमी करण्याचे खरे उपाय कामाच्या पद्धतीत आहेत. झाडण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा करावा. मोठ्या रस्त्यांवर यंत्राचा झाडू वापरावा. गोळा केलेला कचरा जाळायचा नाही हा नियम काटेकोर पाळावा.

वायूची पिढी

भोपाळात धुळीचा प्रश्न इतर शहरांपेक्षा वेगळा ठरतो तो एका रात्रीमुळे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेला. पाच लाखांहून अधिक लोक त्याच्या संपर्कात आले. तेव्हाच्या ५६ प्रभागांपैकी ३६ वायुग्रस्त ठरले. हा वायू पाण्याशी लगेच प्रक्रिया करतो, आणि डोळे व श्वासनलिका सदैव ओल्या असतात. त्यामुळे पहिला घाव तिथे बसला. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांच्या लहान श्वासनलिका कायमच्या आकसल्या. दम लागणे, खोकला आणि जिना चढताना छाती भरून येणे हे त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाले.

दुसऱ्या दिवशी शहरातले मृतदेह आणि मेलेली जनावरे हलवण्याचे काम ज्यांच्यावर आले त्यांत निगमाचे कामगारही होते. तीच हवा त्यांच्याही छातीत गेली होती. मध्य प्रदेशात शासकीय सेवेचे निवृत्तीवय २०१८ साली ६० वरून ६२ झाले. तो हिशेब धरला तर १९८४ साली वीस वर्षांचा असलेला माणूस २०२६ च्या सुमारास सेवेतून बाहेर पडतो. म्हणजे चाळीस वर्षे शहराची धूळ अंगावर घेणाऱ्यांत आधीच दुखावलेल्या छातीचे लोक होते, आणि त्या पिढीचे शेवटचे लोक आता निवृत्त होत आहेत. त्यांच्यानंतर येणारे अनेक तरुण त्याच वायुग्रस्त वस्त्यांतले आहेत.

या शहरात उपचाराची आणि संशोधनाची सोय कमी नाही. वायुपीडितांवर विनामूल्य उपचार करणारे संभावना ट्रस्टचे दवाखाना-केंद्र १९९६ साली सुरू झाले. भोपाळ मेमोरियल रुग्णालय २००० साली सुरू झाले. पर्यावरणीय आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था २०१० साली इथेच स्थापन झाली, आणि एम्स साकेत नगरात आहे. फुफ्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री ही तपासणी अर्ध्या तासाच्या आत होते. रुग्णाने नळीत जोराने फुंकायचे असते, सुई टोचावी लागत नाही. प्रत्येक झाडणाऱ्या कर्मचाऱ्याची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ती ताडून पाहिली जावी, एवढे या शहराला निश्चित जमण्यासारखे आहे. घसरण वेळेत दिसली तर माणसाला धुळीच्या कामावरून हलवता येते. दम लागू लागल्यावर ती दिसली तर उशीर झालेला असतो.

हात, पाय आणि काळी पिशवी

कचरा हाताळणाऱ्याचा दुसरा धोका हाताला असतो. घरोघरच्या काळ्या पिशवीत काय आहे हे बाहेरून कळत नाही. इन्सुलिनच्या सुया, दाढीचे पाते, फुटलेला पेला, वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर हे सगळे उरलेल्या भाजीबरोबर एकाच गाठीत बांधलेले असते. वर्गीकरणाच्या वेळी हात पिशवीत जातो आणि सुई लागते. बोटावर रक्ताचा एवढासा थेंब येतो, कर्मचारी तो कपड्याला पुसतो आणि पुढच्या दारासमोर गाडी उभी करतो. याच एका क्षणात हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मुखपट्टी ही साधने कचरा हाताळणाऱ्यांना देणे आणि ती वापरली जातात हे पाहणे बंधनकारक केले. प्रश्न बहुधा साधनांच्या जातीचा असतो. सुती विणीचा हातमोजा ओल्या कचऱ्यात दहा मिनिटांत भिजतो. पातळ रबराचा मोजा पहिल्याच काचेला फाटतो. जाड रबरात पिशवीची गाठ सुटत नाही, म्हणून तो काढून खिशात ठेवला जातो. विणलेल्या मोज्याच्या तळव्याला आणि बोटांना नायट्राइल रबराचा लेप असलेला प्रकार या कामाला बरा ठरतो, कारण पकड राहते आणि पाणी आत येत नाही. सुईपासून मात्र तोही पुरते वाचवत नाही. बायकांच्या हाताला पुरुषी मापाचा मोजा सैल पडतो, तेव्हा मापेही वेगवेगळी हवीत. पादत्राणांचेही तेच. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात उघड्या चपलेने उतरलेल्या पायाला चिखल्या होतात, आणि उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिसही त्याच भेगांतून शिरतो.

साधनांच्या जोडीला लस हवी. हेपॅटायटिस बीची लस तीन मात्रांत देतात. पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. धनुर्वाताची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायची असते. सुई लागलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये. मुकादमाला लगेच सांगावे आणि शासकीय रुग्णालय गाठावे. एचआयव्हीविरुद्धची प्रतिबंधक औषधे दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. हे औषध २८ दिवस घ्यायचे असते. ही माहिती हजेरीच्या जागी हिंदीत, मोठ्या अक्षरांत लावलेली असणे हा खर्चाचा प्रश्न नाही.

पाठ, खांदा आणि झाडूचा दांडा

झाडण्याचे काम पाहणाऱ्याला हलके वाटते. आखूड झाडूने काम करणारी बाई तासाला शेकडो वेळा कमरेतून वाकते आणि त्याच वेळी धड एका बाजूला वळवते. वाकणे आणि वळणे एकत्र आले की कण्यातल्या चकत्यांवर ताण सर्वाधिक पडतो. लांब दांड्याचा खराटा हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दांडा जमिनीवर टेकवून उभा केला की तो साधारण छातीपर्यंत यावा, म्हणजे पाठ सरळ राहते आणि तोंडही धुळीपासून दूर जाते. दोन हातांमध्ये अंतर ठेवावे आणि दर काही मिनिटांनी वरचा हात बदलावा.

हातगाडीचेही असेच आहे. चाकात तेल नसलेली, एका बाजूला कललेली गाडी ढकलताना खांद्यावर आणि मनगटावर दुप्पट भार येतो. ओल्या कचऱ्याचा डबा कचरागाडीच्या काठापर्यंत उचलून ओतताना हात खांद्याच्या वर जातात. असा डबा दोघांनी मिळून उचलावा. गाडीचे चाक दुरुस्त करणे हा वरकरणी भांडाराचा विषय वाटतो. तो खांद्याच्या सांध्याचाही विषय आहे.

ऊन, पाणी आणि आडोसा

मे महिन्यात भोपाळचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि डांबरी रस्त्याजवळची हवा त्याहून तापलेली असते. उन्हात श्रम करणाऱ्या माणसाने तहानेची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, हा सर्वमान्य नियम आहे. घाम फार गेला तर ओआरएसची एक पुडी लिटरभर पाण्यात मिसळून घ्यावी. लिंबू, मीठ आणि साखरेचे सरबत किंवा ताकही चालते. गोंधळल्यासारखे बोलणे, चालताना तोल जाणे, अंग चटका बसावा इतके तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

हा नियम सांगायला सोपा आहे, पाळायला अवघड. झाडूवाल्या बाईला पाणी प्यायचे तर पुढे लघवीला जावे लागते, आणि बाजार उघडण्याआधी स्वच्छतागृहांची दारे बंद असतात. म्हणून ती पाणीच पीत नाही. सकाळी सहापासून दुपारपर्यंत कोरडे राहण्याची सवय तिने लावून घेतलेली असते. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा आणि डोकेदुखी ही त्या सवयीची किंमत आहे. मासिक पाळीच्या दिवसांत हा त्रास दुप्पट होतो. मध्य प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने दाखवले. रक्तक्षय असलेल्या शरीराला ऊनही लवकर लागते. तेव्हा प्रत्येक प्रभागात सहा वाजता उघडणारे एक स्वच्छतागृह, एक नळ, साबण आणि कपडे बदलायला एक खोली या चार गोष्टी औषधांच्या दुकानापेक्षा मोठे काम करतील. कामानंतर हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जाणे हे कर्मचाऱ्याच्या लहान मुलांच्याही आरोग्यासाठी गरजेचे असते.

मॅनहोल

सगळ्या धोक्यांत सर्वांत वेगाने जीव घेणारा धोका बंद गटारात असतो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतात आणि प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. लोक त्या वासावर विसंबतात आणि तिथेच फसतात. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १०० भाग झाले की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच जाते आणि वायू नाहीसा झाला असे वाटते. ५०० ते ७०० भागांवर माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजारावर तो जवळपास तत्काळ मरतो. वरून पाहणाऱ्याला साथीदार पडलेला दिसतो. तो वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. एका चेंबरमध्ये दोन किंवा तीन मृत्यू होतात ते असे.

भोपाळने हे पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये गांधीनगरजवळच्या लाऊखेडी भागात मलवाहिनीच्या कामावरचे दोघे, एक अभियंता आणि एक मजूर, चेंबरमध्ये मरण पावले. पदवी घेतलेला माणूसही या वायूपुढे वाचत नाही, हे त्या घटनेने दाखवले. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ जण मरण पावले.

कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या अधिनियमाने हाताने मैला उपसण्याला आणि संरक्षक साधनांवाचून गटारात उतरवण्याला बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. २०२३ साली सुरू झालेल्या 'नमस्ते' योजनेत गटार कामगारांची नोंदणी, साधने आणि आयुष्मान विमा यांची तरतूद आहे. २०२४ पासून कचरावेचकही तिच्यात आले. कर्मचाऱ्याने आणि मुकादमाने मनाशी धरायचा नियम मात्र एका वाक्याचा आहे. यंत्राने होत नसेल तर काम थांबवावे, आणि आत कोणी पडला तर उतरू नये, मदत बोलवावी.

खुर्चीतली दुखणी

निगमाचा दुसरा मोठा वर्ग झोन कार्यालयांत बसतो. करवसुली, जन्म-मृत्यू नोंदी, नळजोडण्या आणि तक्रारी यांची कामे करणारे लिपिक, संगणकचालक आणि अभियंते धुळीत नसतात, पण दिवसाचे आठ तास खुर्चीत असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ साली दाखवले की प्रौढ भारतीयांत ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. या दोन्ही आजारांत बरीच वर्षे काहीच दुखत नाही. म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कंबरेचा घेर मोजणे हाच त्यांचा शोध घेण्याचा मार्ग आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. त्यासाठी भोपाळसारखे शहर शोधून मिळणार नाही. मोठ्या तलावाचा काठ, शाहपुऱ्याचा तलाव आणि वन विहारचा रस्ता सकाळी चालणाऱ्यांनी भरलेले असतात. २०१७ साली शहरात सार्वजनिक सायकलींची सेवाही सुरू झाली. कामाच्या वेळेत उठण्यासाठी आयुष मंत्रालयाने पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे 'वाय-ब्रेक' हे ॲप आले. मान, खांदे आणि पाठ मोकळी करणाऱ्या हालचाली, थोडा प्राणायाम आणि क्षणभर स्वस्थता एवढाच तो क्रम आहे. साहेबाने स्वतः उठून तो केला तरच कार्यालय उठते, हा सगळीकडचा अनुभव आहे.

न्याहारीचा प्रश्न दोन्ही वर्गांचा सारखा आहे. भोपाळची सकाळ पोहे-जिलबी, समोसा आणि कचोरीची. रोजच्या रोज तेच खाल्ले तर अंगमेहनत करणाऱ्यालाही प्रथिने मिळत नाहीत आणि बसणाऱ्याची साखर चढते. पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेले मूग, भाजलेले चणे आणि गूळ, घरची पोळी आणि डाळ हे स्वस्त आणि पुरेसे बदल आहेत.

तंबाखू, झोप आणि ताण

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मध्य प्रदेशातले ३४.२ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली गुटख्यावर बंदी घालणारे हे देशातले पहिले राज्य आहे. १ एप्रिल २०१२ पासून ती बंदी लागू आहे. तरी पानमसाला आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या मिळतातच. सफाईच्या कामात तंबाखूला एक कारण असते. नाल्याचा वास सोसवत नाही, उपाशी पोटी भूक मारायची असते. म्हणून नुसता उपदेश कामी येत नाही. वास कमी करणारी मुखपट्टी, वेळेवर न्याहारी आणि समुपदेशन एकत्र मिळाले तर पुडी सुटते. तोंडात न भरणारी जखम, पांढरा डाग किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले तर दोन आठवड्यांच्या आत दंतवैद्याला दाखवावे.

बाजारपेठांत रात्री झाडलोट होते, पाणीपुरवठा आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी पाळ्यांत काम करतात. त्यांच्यासाठी पाळी वारंवार न बदलणे आणि सलग सात तास अंधारी झोप मिळणे हीच औषधे. मनावरच्या ताणाचे मूळ बहुधा नोकरीच्या अनिश्चिततेत असते. त्यासोबत अपमानही असतो. दारातून कचरा घेणाऱ्याला पाणी वेगळ्या पेल्यातून देण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि तिने होणारी जखम कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

कागदावरचे हक्क

ठेकेदारामार्फत आलेल्या कर्मचाऱ्यानेही आपले हक्क जाणून घ्यावेत. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, योजनेखाली येणाऱ्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ मिळतो. त्यासाठी पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सोनागिरी भागात या योजनेचे रुग्णालय आहे. पगारातून रक्कम कापली जात असेल तर विमा क्रमांक मागून घेणे हा कर्मचाऱ्याचा अधिकार आहे. पात्र कुटुंबाला आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या चार श्रमसंहितांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीचा समावेश आहे.

महाराष्ट्रातला अनुभव इथे उपयोगी पडतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने अनेक वर्षे लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगार कायम झाले. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने घरोघरी सांगितले की सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा. कचरा उचलणाऱ्याला आत काय आहे ते हात न लावता कळू लागले. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगे महाराजांच्या भाषेत हा लेख वाचणाऱ्यांना त्या ठिपक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

यादी करता येते

हे सगळे मोठे आणि खर्चिक वाटत असेल तर फेब्रुवारी २०२१ आठवावा. कोविडच्या लसीकरणात आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांची पाळी आली तेव्हा देशभरातल्या नगरसंस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या याद्या केल्या. नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि लस घेण्याची तारीख. कायम आणि कंत्राटी दोघेही त्या यादीत होते. काही आठवड्यांत ते काम झाले, कारण ते झाले नसते तर शहर थांबले असते. तशीच एक यादी प्रत्येक वर्षी करता येते. त्यात हेपॅटायटिस बीच्या तीन मात्रा, धनुर्वाताची मात्रा, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, स्पायरोमेट्री आणि सुई लागल्याच्या घटना असे सात रकाने असावेत. ठेकेदार बदलला तरी ही नोंद कर्मचाऱ्याबरोबर राहावी.

नागरिकाचा वाटा त्याहून सोपा आहे. फुटलेली काच, सुई आणि पाते जाड कागदात किंवा डब्यात गुंडाळून वेगळे द्यावे. सॅनिटरी कचऱ्यावर लाल ठिपका काढावा. दारात उभ्या असलेल्या माणसाला पाणी विचारावे, आणि ते घरच्याच पेल्यातून द्यावे.

शहराचा स्वच्छतेचा क्रमांक दरवर्षी जाहीर होतो. ज्या दिवशी तो जाहीर होईल त्याच दिवशी निगमाने आणखी एक आकडा जाहीर करावा. आपल्या कर्मचाऱ्यांपैकी किती जणांची या वर्षी तपासणी झाली, आणि त्यांत ठेक्यावरचे किती होते.